फेब्रुवारीत लावलेल्या वालाला अजून फूल नाही, वेल काढून टाकू का? घेवडा, चवळी, गवार नक्की कधी लावायची?

वेल काढू नका. आधी एवढं वाचा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात गच्चीवर फेब्रुवारीत वाल टोकला, आता जुलै संपत आला, वेलाने सगळी जाळी झाकली, पण फूल एक नाही. शेजारी म्हणतात बी खराब आहे, उपटून दुसरं लावा. शिवाय घेवडा, चवळी, गवार कधी पेरायची आणि रोपं करून लावायची की थेट बी टोकायचं, हेही विचारलंय. त्याचं सांगते. पण 'बी खराब आहे' हे मी तीस वर्षांहून जास्त काळ ऐकत आलेय, त्यामुळे सुरुवात तिथूनच होणार.

माझं माहेर अलिबागकडचं, सासर सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात. आमच्याकडे कोकणात वाल दोन तऱ्हेचा. शेतातला वाल भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर पेरतात. वरून पाण्याचा थेंब नाही, दवावर येतो, आणि जानेवारीत त्याच्याच शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून पोपटीचं, म्हणजे जाळात शेंगा भाजायचं, मडकं लावतात. दुसरा परसातला, मांडवावर चढणारा. १९९१च्या जानेवारीत माझं लग्न झालं, तेव्हा आईने या परसातल्या वालाचं मूठभर बी पुरचुंडीत बांधून दिलं. कधी लावायचं ते तिने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं मला माहीतच आहे. मला वाटलं, बी आहे, विहिरीला पाणी आहे, मग वाट कशाची बघायची? फेब्रुवारीत गोठ्यामागे आळं केलं, शेणखत घातलं आणि चार बिया टोकल्या.

वेल असा माजला की बघत राहावं. उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी दोन कळश्या घालायची. आषाढात गोठ्याचं अर्धं छप्पर हिरवं झालं. फूल मात्र नाही. सासरचा गाव घेवड्याचा. कोरेगावचा वाघ्या घेवडा तुम्ही ऐकला असेल, दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तो मृगात पेरायचा आणि अडीच-पावणेतीन महिन्यांत काढून मोकळं व्हायचं. त्या घरात शेंगवर्गातल्या पिकाचं माप म्हणजे घेवडा. सासूबाई श्रावणातच म्हणाल्या, "तुमच्या कोकणातलं बी आमच्या मातीत लागत न्हाई." त्यात बीच नाही, आणखीही काही म्हणायचं होतं, ते मला कळत होतं. नव्या नवरीच्या माहेरच्या वस्तूला नाव ठेवलं की ते वस्तूपाशी थांबत नाही.

त्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरात आलं. घटस्थापनेआधी घर सारवायला काढलं, अंथरुणं नदीवर गेली, आणि मी नदीवर असताना थोरल्या भावजींनी कोयत्याने वेल बुंध्यातून तोडला. आठ महिने पाणी घातलेला. संध्याकाळी आले तर सगळा पाला गव्हाणीत. म्हशीच्या तोंडातून मी एक शेंडा ओढून घेतला आणि त्याच्यावर तुरा होता. मोहरीएवढ्या कळ्यांचा, पोपटी. दुसऱ्या शेंड्यावर बघितलं, तिथेही होता. मी तो तुरा घेऊन ओसरीवर गेले, भावजींनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ही पालवी हाय." विषय संपला.

पालवी नव्हती. आणखी दोन-तीन आठवडे वेल राहिला असता तर दिवाळीत मांडव जांभळा झाला असता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. घेवडा दिवस मोजतो आणि वेलावरचा वाल रात्र मोजतो. श्रावण घेवडा, म्हणजे बाजारातली फरसबी, पेरल्यापासून ठरावीक दिवसांनी फुलतो. बुटका असेल तर ४५ ते ५० दिवसांत शेंगा तोडायला येतात, वेलाचा असेल तर आणखी दोन आठवडे. जूनमध्यावर पेरा आणि दिवस मोजा, श्रावणच येतो. जुन्या मांडवी वालाला तुम्ही जानेवारीत लावा नाहीतर जुलैत, रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय तो कळी धरत नाही. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. फरक एवढाच, पण वालाला तो कळतो. सप्टेंबर सरता सरता त्याला निरोप पोचतो आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान तुरे बाहेर पडतात. पावट्याचंही तेच. भोगीच्या भाजीत पावट्याचे दाणे असतातच, ते काही उगाच नाही. संक्रांतीला तो भरात असतो.

मला हे कळलं ते मुलगी शेतकीच्या कॉलेजात गेल्यावर, तिच्या पुस्तकात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी १९२० मध्ये हे छापलं होतं. बिलॉक्सी नावाचं सोयाबीन त्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं होतं आणि आधीचं-नंतरचं सगळं जवळपास एकाच वेळी फुलावर आलं. मी ते पान दोनदा वाचलं. गोठ्यामागे काय झालं होतं तेच तिथे छापलेलं होतं.

तेव्हा तुमचा वेल ठेवा. ऑगस्टमध्ये लांब गेलेले शेंडे खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील आणि तुऱ्यांना जागा होईल. युरिया किंवा कुठलंही नत्राचं खत अजिबात घालू नका, पाला आधीच फार झालाय. आणि गच्चीवर रात्रभर दिवा जळतो का बघा, किंवा रस्त्यावरचा दिवा थेट वेलावर पडतो का. पडत असेल तर त्या वेलाला रात्र झालेलीच कळत नाही आणि फुलं लांबतात. दिवा बंद करता येत असेल तर सप्टेंबरपासून करा, नाहीतर त्या बाजूला गोणपाट बांधा.

पुढच्या वर्षी वाल मृगात टोका, सात-आठ जूनला, पाऊस झाल्यावर. जुलै अखेरही चालतो, वेल जरा लहान राहतो इतकंच, आणि गच्चीवर लहान वेलच बरा. फेब्रुवारीत लावून आठ महिने पाणी घालण्यात मला आता काही शहाणपण दिसत नाही. चौधारी, म्हणजे चार धारांच्या शेंगांचा वेल, लावायची असेल तर तिचंही गणित वालाचंच, जूनमध्ये लावायची आणि शेंगा थंडीत. तिचं बी कठीण असतं, रात्रभर भिजवून मगच टोका.

फरसबीचं बी मात्र भिजवू नका. लोक सांगतात भिजवा, मी सांगते भिजवू नका. साल पातळ असते, एकदम पाणी प्यायलं की दाणा आतून चिरतो आणि मग मातीत कुजतो. कोरडं बी, वाफसा आलेली, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली माती, दोन-तीन सेंटिमीटर खोल, आणि उगवेपर्यंत पाण्याचा मारा नाही. पुण्यात तिला जून-जुलै, मग सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, मग जानेवारी अखेर ते फेब्रुवारीमध्य अशा तीन वेळा आहेत. मार्चमध्ये पेरलीत तर ऐन फुलात ऊन पस्तिशीच्या वर जातं आणि फुलं गळतात. कोकणात, मुंबईत जूनची पेरणी मी सांगणार नाही, त्या पावसात बी सडतं. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच खरा. सगळं एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरा. आणि कडधान्याला खत लागत नाही हे घेवड्याला लागू नाही. वाल-चवळी मुळावरच्या गाठींतून आपलं नत्र बरंचसं मिळवतात, घेवडा त्यात कच्चा. त्याला शेणखत हवंच.

चवळी सगळ्यात सोशीक. फेब्रुवारी ते ऑगस्ट कधीही लावा, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नको, जागीच बसून राहते. गवारीला ऊन आवडतं, फेब्रुवारी-मार्च किंवा जून-जुलै. तिच्या मुळाशी पाणी साचलं की ती गेलीच.

रोपं की थेट बी? थेट बी. यांच्या मुळांना हात लावलेला चालत नाही. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब रात्रीत फस्त करतात, एवढ्यापुरतं नारळाच्या करवंटीत किंवा कागदी पेल्यात रोप करा, करवंटीला खाली भोक हवं. दहा-बारा दिवसांत पहिली खरी पानं उघडली की मातीच्या गड्ड्यासकट लावा. त्याहून मोठं झालेलं रोप लावून मला कधी यश आलेलं नाही.

एक राहिलं, आणि खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. मी जे बोलतेय ते जुन्या, घरच्या वेलाच्या वालाबद्दल. तुमचं बी पाकिटातलं असेल तर पाकीट शोधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण भूषण किंवा बेंगळुरूच्या फळ-भाजी संशोधन संस्थेचा अर्का जय असे बुटके वाण रात्रीची वाट बघत नाहीत, दोनेक महिन्यांत शेंगा देतात. असा वाण सहा महिने फुलला नाही तर कारण दुसरं, बहुधा सावली किंवा जास्तीचं खत. पण जाळी झाकून टाकणारा वेल तुम्ही लिहिलाय, म्हणजे तो बुटका नाही. आणि फुलं आल्यावर ढगाळ हवेत मावा येतो, तुरे रोज बघत राहा, दिसला की पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

१९९२ मध्ये मी आईकडून पुन्हा बी आणलं, त्याच आळ्यात मृगात टोकलं, आणि पुढच्या भोगीला टोपलीभर शेंगा ओसरीवर नेऊन ठेवल्या. सासूबाईंनी काही न बोलता निवडायला घेतल्या. त्या पुढे दरवर्षी स्वतः बी राखून ठेवायच्या, राखेत घोळवून. पण भावजी म्हणाले, "औंदा शेणखत बक्कळ पडलं म्हणून." ते आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि पहिल्या वेलाचं बी खराब होतं यावर अजून ठाम आहेत. माझ्याकडे फेब्रुवारीत लावलेला वेल पुन्हा कधी झाला नाही, कारण मी तो पुन्हा कधी फेब्रुवारीत लावला नाही. तुमच्याकडे तो आहे. पहिला तुरा दिसला की तारखेसकट फोटो इथे टाका. मी तो घेऊन कोरेगावला जाणार आहे.