अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजात ढिगाने यार्ड (पळून कापलेलं अंतर) काढणारा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, एनएफएल या प्रो लीगमध्ये चालेल का, हे कसं ओळखायचं?

नुसते यार्ड बघू नका राव. रॉन डेनने विस्कॉन्सिनकडून धो धो यार्ड काढले, 1999 ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची) मारली, एनएफएलच्या जायंट्सने 2000 च्या ड्राफ्टमध्ये (यात टीम नवे खेळाडू निवडतात) 11 व्या नंबरला उचलला आणि एनएफएलमध्ये एकदाही सीझनला 1000 यार्ड नाही झाले त्याचे. उलट टेरेल डेव्हिस 1995 ला सहाव्या राउंडमध्ये गेला नि 1998 मध्ये 2008 यार्ड!

मी आधी बघतो की पहिला टॅकल बसल्यावर गडी पडतो का अजून चार पावलं ओढतो, कारण मोकळी वाट तर चांगली ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्यांना अडवणारे आपले गडी) कुणालाही करून देते. बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी बघा, 2024 मध्ये 2601 यार्ड, त्यातले बहुतेक टक्कर झाल्यावरचे. आता समोरच्या टीम हलक्या होत्या म्हणाल तर फिएस्टा बोल या मोठ्या मॅचमध्ये पेन स्टेटने त्याला 30 कॅरीत (बॉल घेऊन पळण्याच्या खेपा) 104 वरच रोखला, तेही खरंय. पण 2023 ला त्याने 43 पासपण पकडले होते, ते मला जास्त आवडलं. एनएफएलच्या रेडर्सने ड्राफ्टमध्ये 6 व्या नंबरला घेतला ते उगाच नाही.

आणि हो, पास ब्लॉकिंग, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर येणाऱ्यांना अडवणं! ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा गड्यांचा हल्ला) ओळखता नाही आला तर कोच थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला, जिथे बहुतेकदा पास असतो) बाहेरच बसवतो.