टॉनिक नंतर आणा, आधी त्या तीन तलंगा वेगळ्या करा

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. बारा कोंबड्या, त्यात काही गावरान आणि काही ग्रामप्रिया, म्हणजे जास्त अंड्यांची सुधारित जात. रोजची सात-आठ अंडी आठवड्याभरात दोनवर आली, त्यातली एक-दोन तर पापुद्र्यासारखी मऊ, आणि प्रश्न असा की कोणतं टॉनिक द्यावं. खाली बऱ्याच जणांनी टॉनिकची नावं दिली आहेत. पण तुम्ही शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे, "गेल्या बाजारी तीन तलंगा आणल्यात, त्या अजून अंड्याला आलेल्या नाहीत." ती ओळ वाचली आणि मला आमचं 2018 चं खुराडं आठवलं.

पाणी, खाद्य, खुराड्याची सफाई हे तुम्हाला शिकवत बसत नाही. कोंबड्या पाळता म्हणजे तेवढं येतच असणार. मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगते. घरच्या वीस-पंचवीस कोंबड्या, लग्न होऊन आले तेव्हापासून. त्याआधी सासूबाईंच्या होत्या.

अंडी कमी होणं हे दर वेळी दुखणं नसतं. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाला. म्हणून आज सकाळी आठला घातलं तर उद्या साडेनऊला, परवा अकराला, असं पुढे पुढे सरकतं. दुपार कलली की ती एक दिवस खाडा करते आणि परत सकाळी सुरू होते. गावरान तर बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, म्हणजे घालणं थांबवून उबवायला बसते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी झाली तरी तिने तिचं काम केलं असं समजायचं. ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे जाते, पण तीही पीस झाडायला लागली की दोन-अडीच महिने बंद. पावसाळा सरताना अंगणभर पिसं दिसली तर घाबरू नका. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा होतो, तेव्हाही अंडी घटतात.

आणि चोरून घालणाऱ्या वेगळ्याच. आमची एक तांबडी "बंद झाली" म्हणून जावई आले तेव्हा कापायचं ठरलं होतं. सासूबाईंनी सकाळी खुराडं उघडताना तिला काखेत धरून मागून बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "हिच्यात अंडं हाय." तिला डालग्याखाली न झाकता मोकळी सोडली आणि लांबून नजर ठेवली. परसात दोनदा फिरली, मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि कडब्याच्या गंजीमागे गेली. तिथे अठरा अंडी होती. तेव्हापासून मी खोक्यात कोळशाने फुली मारलेलं एक अंडं कायम ठेवते. ते दिसलं की बाकीच्या तिथेच घालतात, आणि फुलीमुळे जुनं कोणतं ते आपल्यालाही कळतं.

कुणीतरी तुम्हाला खुडूक मोडायला नाकात पीस घालायला सांगितलंय. कृपा करून ते करू नका. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पेटीत, गवत न घालता, दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवली की उतरते. पण तुमच्या कोंबड्या खुडूकही नाहीत. खुडूक असती तर फुगून बसली असती, हात घातल्यावर टोचली असती, आणि दिवसातून एकदा उठून एकच मोठी, घाण वासाची शिट टाकली असती.

म्हणजे काय, तर खाडा, खुडूक, पीस, चोरटी घरटी यातलं काहीही बाराच्या बारा कोंबड्यांना एकाच आठवड्यात होत नाही. सगळ्यांची अंडी एकदम पडली, त्यात कवच मऊ किंवा वाकडं, आणि त्याआधी आठ-दहा दिवसांत बाहेरचा पक्षी घरात आलेला. असं असेल तर मी पहिली शंका मानमोडीची, म्हणजे राणीखेतची घेईन. तुमच्याकडे तेच आहे असं इथे बसून म्हणत नाही. पण आधी ते नाही याची खात्री करा. लस न झालेल्या कळपात हा रोग थांबायला वेळ देत नाही.

आता आमचं ऐका. दिवाळीच्या आधीचा गुरुवारचा बाजार. एका बाईकडे चार तलंगा होत्या, चकचकीत पिसं, तुरे नुकते लाल व्हायला लागलेले. भाव इतका कमी की संशय यायला हवा होता. घरी बावीस होत्या. नवीन पक्षी दिवसा सोडला तर जुन्या टोचून रक्त काढतात, म्हणून सासूबाईंची रीत अशी की अंधार पडल्यावर खुराड्यात हळूच सरकवायचा, सकाळी सगळ्या एकत्रच उठतात. मी तसंच केलं. भांडण अजिबात झालं नाही आणि मी खूश. रात्रभर चारी जणी बाकीच्यांना चिकटून एकाच काठीवर बसल्या होत्या.

सहाव्या दिवशी चौदाऐवजी पाच अंडी. त्यातलं एक बिनकवचाचं, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत. मी काय केलं? तुम्ही करताय तेच. दुकानातून कॅल्शियमची बाटली आणि टॉनिक. दोन दिवस पाण्यातून पाजलं. आठव्या दिवशी दोन कोंबड्या पंख ढिले सोडून कोपऱ्यात, डोळे मिटलेले, शिट हिरवट-पांढरी. नवव्या दिवशी एकीने मान अशी पिळली की चोच पाठीला लागली. तेव्हा कळलं.

तालुक्याच्या ठिकाणी जनावरांच्या डॉक्टरांचं एक कार्यालय आहे, नाव लिहीत नाही. आजारी कोंबडी गोणपाटाच्या पिशवीत घालून गेले. साहेब मीटिंगला. तिथल्या माणसाने सांगितलं की लशीची बाटली शंभराची असते, फोडली की दोन तासांत संपवावी लागते, सव्वीस कोंबड्यांसाठी फोडता येत नाही, शंभर कोंबड्यांची यादी करून आणा. नियम चुकीचा नाही, लस खरंच वाया जाते. पण माझ्या पायाशी पिशवी होती, त्यात कोंबडी घशातून घरघर करत होती, आणि तिच्याकडे कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "तुमच्याकडे आत्ता आजार चालू आहे का?" एवढाच प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी दोन दिवस घरोघर फिरून सहा घरांची यादी केली, एकशे चार कोंबड्या. बाटली मिळाली ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फाशिवाय. मोटरसायकलवर पाऊण तास ऊन. ही लस दोन ते आठ अंशांत राहायला लागते हे मला नंतर कळलं, पण खरी चूक ती नव्हती.

गावातला एक मुलगा शेळ्यांना इंजेक्शन द्यायचा, त्याला बोलावलं. मी म्हटलं, आमच्याकडेच त्रास आहे तर आधी आमच्याच आटोपू. उरलेल्या सगळ्यांना टोचलं, आणि मग तीच सिरिंज, तीच सुई, मध्ये फक्त स्पिरिटचा बोळा फिरवून, आम्ही शेजारच्या काकूंकडे गेलो. त्याच चपला, आमच्या खुराड्यातल्या शिटेत बरबटलेल्या. त्यांच्या चौदा कोंबड्या तोवर ठणठणीत होत्या. मी स्वतः एकेक धरून देत होते.

आमच्या सव्वीसपैकी पाच उरल्या. काकूंच्या चौदाच्या चौदा गेल्या. बाकीच्या घरांतही थोड्याफार गेल्या. काकूंचा अंड्यांचा पैसा हा त्यांचा स्वतःचा एकमेव पैसा होता, मुलाकडे हात पसरायला लागू नये म्हणून जपलेला. वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला त्यात त्यांची चूक वाटत नाही.

नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी नीट समजावलं. लस ही निरोगी पक्ष्याला आजार होऊ नये म्हणून असते. घरात रोग आल्यावर टोचायचंच ठरलं तर निरोगी घरं आधी आणि आजारी घर सर्वांत शेवटी, प्रत्येक घराला नवीन सुई, आणि तेही डॉक्टरांना विचारूनच. हा विषाणूचा रोग, त्यामुळे अँटिबायोटिकने तो जात नाही. दुसरा संसर्ग रोखायला डॉक्टर कधी देतात, पण ते त्यांना ठरवू द्या, आणि औषध चालू असलेल्या कोंबड्यांची अंडी ते सांगतील तितके दिवस खाऊ नका. (नाव राणीखेत का, तर कुमाऊँतल्या राणीखेतला 1927-28 च्या सुमारास भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला म्हणून. त्या गावाचं नाव उगाच बदनाम झालं.)

तर भाऊ, आज हे करा. त्या तीन तलंगा वेगळ्या करा, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वेगळं भांडं, वेगळं पाणी. इतके दिवस एकत्र राहिल्यात म्हणजे उशीर झालाच आहे, तरी करा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि सुस्त पक्षी असेल तर त्याला सर्वांत शेवटी. खुराड्याच्या चपला खुराड्यापाशीच सोडा. शेजाऱ्यांना सांगा, लाज वाटली तरी सांगा, आणि थोडे दिवस त्यांच्या अंगणात जाऊ नका. आत्ता एकही कोंबडी विकू नका. मला माहीत आहे, मरण्याआधी चार पैसे होतील असं वाटतं. माझ्या त्या चकचकीत तलंगा बाजारात कशा आल्या असतील, याचा विचार मी अजून करते.

पटापट मरायला लागल्या तर ओढ्यात टाकू नका, खोल खड्डा, चुना आणि वर माती. आणि कळवा, पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा क्रमांक लावा. फोन उचलणारा कसा भेटेल याची हमी मी देत नाही, पण बर्ड फ्लूची सुरुवातही बाहेरून अशीच दिसते. 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीकडे काय झालं ते आठवा. तपासणीशिवाय दोन्हींतला फरक तुम्हाला-मला सांगता यायचा नाही.

हे सगळं निभावलं, किंवा देवाच्या कृपेने हे नसलंच, तर लशीची घडी बसवा. राणीखेतच्या दोन लशी असतात, लासोटा आणि आर-टू-बी. पिलांना पाच-सात दिवसांची असताना लासोटा डोळ्यात थेंब, महिन्याने परत, आठ आठवड्यांच्या आसपास आर-टू-बी टोचून. अंड्यावरच्या कोंबडीला आर-टू-बी दिली तर अंडी काही दिवस घटतात, म्हणून मोठ्यांना मी दर काही महिन्यांनी लासोटाच पाण्यातून देते. सकाळी दोन तास तहानलेल्या ठेवायच्या, नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्यायचं, त्यात थोडी साय काढलेली दूध पावडर, आणि तासा-दीड तासात संपेल एवढंच पाणी. बाटली थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. आता आम्ही सात घरं मिळून एकाच दिवशी करतो. यादी माझ्याकडेच असते. काकूंचं नाव त्यात पहिलं, आमचं शेवटचं.

नवीन पक्षी आला की जुन्या न्हाणीघरात तीस दिवस. कितीही चांगला दिसो, कुणीही दिलेला असो. माझ्या सख्ख्या बहिणीने आणलेला कोंबडाही तिथेच राहिला, ती रुसली तरी.

मऊ कवचाचं म्हणाल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका, आणि संध्याकाळी ठेवा. कवच रात्री चढतं, जिला लागेल ती टिपते. पण हे नंतर.

त्या पाचांतली एक मान वाकडी घेऊनच जगली. दाणा टिपायला गेली की चोच दोन बोटं बाजूला पडायची, मग परत नेम धरायची. तरी दीड वर्ष अंडी दिली तिने. तिला वाटीत दाणा द्यायला लागायचा, आणि ते काम सासूबाईंनी कुणाला करू दिलं नाही.

आज रात्री सगळ्या काठीवर बसून शांत झाल्या की टॉर्च न लावता खुराड्याजवळ दहा मिनिटं उभे राहा आणि श्वासाचा आवाज ऐका. घरघर किंवा शिंकल्यासारखं येतंय का, कुणाकडून येतंय, जुन्यांकडून की त्या तिघींकडून. सकाळी शिटेचा रंग बघा. आणि ग्रामप्रियांना पिलं असताना लस झाली होती का, ते विकणाऱ्याला विचारून इथे लिहा. मी उद्या दुपारी बघते.