फ्रीआरटॉसमध्ये (छोट्या उपकरणांसाठीची रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा टास्क बायनरी सेमाफोरपाशी (एकाने सोडेपर्यंत दुसऱ्या टास्कला थांबवणारी खूण) मधूनच अडकतो. काय करावं?

बायनरी सेमाफोर काढून म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं लॉक) वापरा. बहुधा प्रायॉरिटी इन्व्हर्जन होतंय. खालच्या प्रायॉरिटीचा टास्क लॉक धरून बसतो, मधला टास्क त्याला सीपीयूच मिळू देत नाही, आणि वरचा या दोघांपायी ताटकळतो. १९९७ साली मंगळावर पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. तिथे व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा म्युटेक्स होता, पण त्यावरचं प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरलेल्या टास्कला ताटकळणाऱ्या वरच्या टास्कची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) बंद होतं. ते चालू केल्यावर रीसेट थांबले. फ्रीआरटॉसच्या म्युटेक्समध्ये ते असतंच, बायनरी सेमाफोरमध्ये नसतं. मात्र म्युटेक्स ज्या टास्कने घेतला त्यानेच सोडायचा, इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या संकेतावर मध्येच चालणाऱ्या कोडमधून) तो चालत नाही. आणि लॉक धरून यूएआरटीवर (सीरियल पोर्टवर) प्रिंट करत बसलात (हे सर्रास दिसतं), तर तेवढा वेळ वरचा टास्क थांबणारच.