सार्वमताच्या रात्रीचा पौंड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ब्रेक्झिटच्या वेळी जनमत चाचण्या अटीतटीच्या असूनही मतदानाच्या दिवशी पौंड चढला. अशा वेळी बाजाराचा कल पाहून खरेदी करावी का?

उत्तर : करू नये, असे माझे मत आहे. चाचण्या काहीही सांगत असल्या, तरी सट्टेबाजांचे दर ब्रिटन युरोपीय संघात राहण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर दाखवत होते आणि चलनबाजाराने त्यांवरच भिस्त ठेवली. २३ जून २०१६ रोजी मतदान संपल्यावर पौंड १.५० डॉलरपर्यंत गेला. कौल राहण्याच्या बाजूने लागला असता, तर तिथून फार तर तीन-चार सेंट मिळाले असते, प्रत्यक्षात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि भाव १.३२ च्या घरात आला. चार सेंटसाठी अठरा सेंट पणाला लावणारा पाचपैकी चार वेळा बरोबर ठरला, तरी एकंदरीत तोट्यातच राहतो. शिवाय मतमोजणीपूर्वी दिसणारा भाव दोन संभाव्य भावांच्या मधला असतो आणि निकालानंतर तो टिकणारच नसतो, त्यामुळे आलेखावरच्या आधार-अडथळ्यांच्या रेषांना (भाव जिथे थांबेल वा उलटेल असे मानले जाते, त्या पातळ्यांना) त्या रात्री काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : शेअर बाजारातील पौंड-रुपया फ्युचर्समध्ये स्टॉप-लॉस लावला, तर नुकसान मर्यादित राहील ना?

उत्तर : फ्युचर्स म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेचा सौदा करणारा करार आणि स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की सौद्यातून बाहेर पडण्याची आधीच दिलेली सूचना. ती कितपत उपयोगी पडते, हे समजायला ब्रेक्झिटच्या निकालाच्या दिवसाचे घड्याळच पाहावे. ब्रिटनमधील मतदान आपल्याकडच्या पहाटे अडीचला संपले. पावणेपाचच्या सुमारास इंग्लंडमधील संडरलंड शहराचा आकडा आला, तिथे ६१ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने होती, आणि पौंड धाडकन कोसळला. आपला बाजार ९ वाजता उघडला आणि बीबीसीने ९ वाजून १० मिनिटांनी निकालाचा अंदाज जाहीर केला, तोवर घसरणीचा मोठा भाग उरकला होता. बंद बाजारात स्टॉप-लॉस काम करत नाही; बाजार उघडल्यावर जो भाव मिळेल त्यावर सौदा होतो आणि मर्यादा-भाव (याहून वाईट भावाला सौदा नको, अशी अट) दिलेला असेल, तर तो होतही नाही. करार १,००० पौंडांचा असतो, म्हणजे सात रुपयांची घसरण ७,००० रुपयांना पडते. तेव्हा संरक्षण हवे असेल, तर ते सौद्याचा आकार लहान ठेवण्यातच आहे. आणखी एक गोष्ट : पौंड-रुपयासारख्या रुपयाच्या जोड्यांत व्यवहार करणाऱ्याकडे परकीय चलनातील खरे देणे-घेणे असलेच पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

प्रश्न : मग निकालाआधी ऑप्शन घेणे सुरक्षित नाही का?

उत्तर : ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क, बंधन नव्हे; त्यासाठी आधी मोजायची किंमत म्हणजे प्रीमियम. तोटा त्या प्रीमियमपुरताच राहतो, हे खरे, परंतु त्या आठवड्यात प्रीमियमच अवाच्या सवा झालेला असतो. १८ सप्टेंबर २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले. निकालाच्या सकाळी पौंड वर गेला, पण दिवस संपेपर्यंत त्याने ती कमाई घालवली आणि अनिश्चितता संपल्यामुळे ऑप्शनांचे प्रीमियमही ओसरले. दिशा बरोबर ओळखूनही पैसे जातात ते असे. ऑप्शन घ्यायचाच असेल, तर मतदानाच्या तारखेची कुजबुज सुरू असतानाच घ्यावा. वृत्तवाहिन्या उलटी गणती दाखवू लागल्या, की उशीर झालेला असतो.

प्रश्न : परदेशी ॲपवरून थेट पौंड-डॉलरचा सौदा करता येईल का?

उत्तर : अनधिकृत मंचांवर असा व्यवहार करणे ‘फेमा’खाली (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली) कायदेभंग ठरतो. अशा मंचांची रिझर्व्ह बँकेची सावधगिरीची यादी तिच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

प्रश्न : मुलीची लंडनमधील फी भरायची आहे. अशा सार्वमताच्या तोंडावर थांबावे का?

उत्तर : २०१६ मध्ये जे थांबले त्यांना शंभर रुपयांच्या आसपासचा पौंड दुसऱ्या दिवशी त्र्याण्णवच्या आसपास मिळाला आणि दहा हजार पौंडांमागे साधारण सत्तर हजार रुपये वाचले. मात्र कौल उलटा लागला असता, तर त्याच मंडळींना जादा पैसे मोजावे लागले असते. आपल्याला नफा कमवायचा नाही, फी भरायची आहे. म्हणून निम्मी रक्कम निकालाआधी पाठवावी आणि उरलेली हप्त्याच्या मुदतीप्रमाणे. बँकेने लावलेला दर बाजारभावाशी अवश्य ताडून पाहावा, कारण अशा दिवसांत बँकाही खरेदी-विक्रीच्या दरांमधले अंतर वाढवतात.