विद्यापीठाचं ‘मिशन’: ध्येय, उद्दिष्ट की ब्रीद?

प्रश्न आला आहे तो एका अनुवादातल्या वाक्यावरून: ‘भागधारकांच्या परस्परविरोधी मागण्यांना विद्यापीठाने आपल्या मिशननुसार प्रतिसाद द्यावा.’ यात ‘स्टेकहोल्डर’साठी ‘भागधारक’ चालेल का, आणि ‘मिशन’ला काय म्हणावं?

‘भागधारक’ नको. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला, कंपनीच्या नफ्यातला वाटेकरी. विद्यार्थी, पालक, प्राध्यापक, देणगीदार, सरकार यांच्यापैकी कोणीही विद्यापीठाचे शेअर घेतलेले नसतात. ‘हितसंबंधी’ म्हणावं, तर मराठीत हितसंबंध जपले जातात ते बहुतेक वेळा आडून. ‘हितधारक’ सरकारी कागदांत दिसतो, बोलण्यात नाही. आपण सहज म्हणतो, ‘सर्व घटकांना विश्वासात घेऊन निर्णय घ्या.’ तोच ‘घटक’ इथे घ्यावा.

आता ‘मिशन’. उद्दिष्ट ठरावीक मुदतीत गाठायचं असतं: यंदा इतके प्रवेश, इतकी वसतिगृहं. ध्येय त्याहून दूरचं, आणि कोणती मागणी मान्य करायची, कोणती नाही, हे त्यावरून ठरतं.

महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचंच बघा. ते 1916 मध्ये पुण्यात सुरू झालं. स्त्रियांना उच्च शिक्षण, तेही मातृभाषेतून, हे त्याचं ध्येय. इंग्रजी होती, पण विषय म्हणून. पदव्यांची नावंसुद्धा वेगळी: बी.ए.च्या जागी ‘गृहीतागमा’, एम.ए.च्या जागी ‘प्रदेयागमा’. (किती डौलदार शब्द आहेत हे! वापरातून गेले याची मला खरंच हळहळ वाटते.) 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. पुढे 1936 मध्ये मुख्यालयही मुंबईला गेलं. नाव बदललं, गाव बदललं. पण कायद्याने मान्यता मिळाली ती 1951 मध्ये. तोवर मान्यता नसलेली पदवी घेऊन मुलींनी करायचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्तच होता. मुंबई विद्यापीठाच्या वळणाचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम लावणं हा सोपा मार्ग होता. कर्वे त्या वाटेला गेले नाहीत. नाव आणि जागा यांबाबत तडजोड होऊ शकली, कारण त्या बदलांनी ध्येयाला धक्का लागत नव्हता. माध्यम सोडलं असतं तर लागला असता.

मग ‘ब्रीद’? आज आपण त्याला बोधचिन्हावरच्या संस्कृत ओळीपुरतं ठेवलं आहे. मुंबई विद्यापीठाचं ‘शीलवृत्तफला विद्या’, पुणे विद्यापीठाचं ‘यः क्रियावान् स पण्डितः’ ही ती ब्रीदवाक्यं. पण जुन्या मराठीत ब्रीद म्हणजे जाहीर केलेला आणि म्हणून पाळावाच लागणारा पण, म्हणजे प्रतिज्ञा. संतांनी विठ्ठलालाही यातून सोडलं नाही: पतितपावन हे तुझं ब्रीद, तर मला तार. ब्रीदाला जागणं, ब्रीद राखणं हे वाक्प्रचार त्याच अर्थाचे. म्हणजे संस्था आपल्या ब्रीदाचा आधार घेऊन मागणी नाकारू शकते, तसा विद्यार्थीही त्याच ब्रीदावर बोट ठेवून संस्थेला जाब विचारू शकतो. ही दुसरी बाजू ‘ध्येय’ शब्दात तितकीशी येत नाही.

तरी अधिकृत मजकुरात मी ‘ध्येय’च लिहीन, कारण ‘ब्रीद’ म्हटलं की आजचा वाचक बोधचिन्हाकडे बघेल. भाषणात मात्र ‘ब्रीद’ अवश्य वापरावा. तुमचं वाक्य मी असं करीन: ‘निरनिराळ्या घटकांच्या मागण्या एकमेकींच्या आड येतात, तेव्हा विद्यापीठाने आपल्या ध्येयाला धरून निर्णय घ्यावा.’ ‘प्रतिसाद द्यावा’ मुद्दाम गाळलं आहे. प्रतिसाद कोणताही देता येतो, इथे गरज निर्णयाची आहे.