अक्षरांची वही वेगळी, शब्दांची वेगळी

प्रश्न : ताई, मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. माल चीनमधून येतो, म्हणून दीड वर्षापासून मोबाइलवर चिनी शिकतोय. मला ९६० अक्षरं आणि १,३८० शब्द येतात, असं अ‍ॅप सांगतं. पण गेल्या आठवड्यात मशीनबरोबर आलेलं दोन पानांचं पत्रक वाचायला घेतलं आणि दर ओळीला अडलो. मला खरं किती येतं, हे मोजायचं कसं? की मोजणंच सोडून देऊ?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : मोजणं मुळीच सोडू नका. तुम्ही का अडलात, ते तुमच्या दोन आकड्यांतच दिसतंय.

परदेशी शिकणाऱ्यांसाठी चीनने २०२१ मध्ये जे मानक ठरवलं, त्यात नऊ पातळ्या आहेत. पहिलीत ३०० अक्षरं आणि ५०० शब्द. दुसरीच्या अखेरीला ६०० अक्षरं, १,२७२ शब्द. तिसरीच्या अखेरीला ९०० अक्षरं, पण शब्द २,२४५. नवव्या पातळीपर्यंत अक्षरं ३,०००च होतात आणि शब्द जातात ११,०९२ वर. तीच ती अक्षरं एकमेकांशी जुळत जातात आणि शब्द वाढत जातात. आता तुमचं बघा. अक्षरं तिसरी पातळी ओलांडून गेली आहेत, शब्द मात्र दुसरीच्या थोडेसेच पुढे आहेत. म्हणजे अक्षरं सुटी पाठ झाली, त्यांच्या जोड्या झाल्या नाहीत. (जुन्या पुस्तकांत चौथ्या पातळीला १,२०० शब्द दिलेले असतात. ती २०१०ची पद्धत. दोन्हींचे आकडे एकत्र करू नका.)

हे मी अनुभवाने सांगते. मी दुभाषी म्हणून काम करायला लागले, त्या पहिल्याच वर्षी एका कारखान्यात मशीनच्या पॅनलवर दोन अक्षरं होती : ‘खाय’ आणि ‘क्वान’. दोन्ही मला चांगली येत होती. खाय म्हणजे उघडणं, क्वान म्हणजे बंद करणं. मी तसंच सांगितलं आणि फिटर बिचारा पॅनलचं झाकण उघडून परत लावत राहिला. अर्धा तास गेला. खाय-क्वान म्हणजे साधा स्विच! त्या संध्याकाळी घरी येताना मांडवीतून दोन लाल चोपड्या घेतल्या. एक अक्षरांची, एक शब्दांची. आजही त्या तशाच वेगळ्या चालतात.

असे शब्द पावलोपावली आहेत. ‘तुंग’ पूर्व, ‘शी’ पश्चिम, आणि तुंग-शी म्हणजे वस्तू. ‘मा’ घोडा, ‘शांग’ वर, आणि मा-शांग म्हणजे ताबडतोब. उलटंही होतं. एकच अक्षर ‘छांग’ वाचलं तर लांब आणि ‘चांग’ वाचलं तर वाढणं. अ‍ॅप त्याला एकच धरतं. माझ्या चोपडीत त्याच्या दोन ओळी आहेत.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की २,५०० अक्षरं आली की चिनी मजकुराचा जवळपास ९८ टक्के भाग आवाक्यात येतो. १९८८ च्या नित्योपयोगी अक्षरांच्या यादीबद्दल हे सांगतात आणि ते खरं आहे. पण ती टक्केवारी छापलेल्या अक्षरांची आहे, अर्थाची नाही. माझ्या त्या पॅनलवरची तर शंभर टक्के अक्षरं मला येत होती.

आता मोजायचं कसं. अ‍ॅप मोजतं ती तुम्ही बरोबर सोडवलेली कार्डं. रोज तीच कार्डं समोर आली की शब्दाच्या आधी कार्डच ओळखीचं होतं. म्हणून परीक्षा अ‍ॅपबाहेर घ्या. तिसऱ्या पातळीपर्यंतची २,२४५ शब्दांची यादी छापून घ्या आणि दर विसावा शब्द निवडा. साधारण ११२ शब्द निघतील. उच्चार आणि अर्थ पट्टीने झाका. शब्द सुरासकट, म्हणजे आवाजाच्या चढउतारासकट मोठ्याने म्हणा, अर्थ सांगा, मग पट्टी सरकवा. मनात तीन आकडे मोजून होईपर्यंत आला तरच आला. ‘हो, पाहिलाय कुठेतरी’ हे जमेत धरायचं नाही. समजा ६० आले, तर ६० गुणिले २०, म्हणजे सुमारे १,२०० शब्द तुमचे. पुढच्या महिन्यात सुरुवात सातव्या शब्दापासून करा, म्हणजे शब्द बदलतील. अक्षरांची मोजणी याच रीतीने, पण वेगळी.

उच्चारात मराठी माणसाचं एक काम सोपं आहे. रोमन लिपीत चिनी लिहिताना जिथे ‘बी’ असतो तिथे आपला प, आणि ‘पी’ असतो तिथे फ. त आणि थ, क आणि ख यांचंही तसंच. हा फरक आपल्या कानात लहानपणापासून आहे, म्हणून उच्चार देवनागरीत लिहा. सुरांच्या खुणा मात्र वर द्यायलाच हव्यात.

हाताने लिहिता येणं हा तिसरा रकाना. तो रिकामा राहिला म्हणून कष्टी होऊ नका. कीबोर्डवर लिहून लिहून चिनी माणसंही अक्षरं विसरतात. ‘लेखणी उचलली की अक्षर विसरलं’ अशा अर्थाची त्यांच्याकडे म्हणच आहे. तुमच्या कामाला वाचता आणि बोलता येणं आधी लागेल.

ते दोन पानी पत्रक टाकून दिलं नसेल ना? पुढचे दोन महिने नवं अक्षर एकही घेऊ नका. पत्रकात जिथे अडलात तिथे पेन्सिलीने टिंब द्या, टिंबं मोजा, आणि ते शब्द अख्खे, पूर्ण वाक्यासकट शब्दांच्या वहीत उतरवा. महिन्याने त्याच पत्रकाची कोरी प्रत काढून वाचा आणि पुन्हा टिंबं मोजा. दोन्ही वेळचे आकडे मला कळवा. शब्द पुढे सरकले नसतील, तर वहीच्या एका पानाचा फोटोही पाठवा, मी पाहून सांगेन.