वाचकांचे प्रश्न : ताऱ्यांवरून विमानतळाची सेवा मोजता येते का?

प्रश्न : मी व्यवस्थापनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पुणे विमानतळाविषयी प्रवाशांनी ऑनलाइन लिहिलेल्या अभिप्रायांवरून तेथील सेवेचा दर्जा मोजावा, असा माझा प्रकल्प आहे. ताऱ्यांची सरासरी काढून दाखवली, तर मार्गदर्शकांनी ती पुरेशी मानली नाही. काय करावे?
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : दर्जा मोजता येईल, पण तुमच्या मार्गदर्शकांची हरकत रास्त आहे. ज्याचा प्रवास बिनबोभाट पार पडतो, तो सहसा काही लिहीत नाही. फार सुखावलेला किंवा फार संतापलेला प्रवासीच लिहायला बसतो. त्यामुळे एक तारा आणि पाच तारे यांच्याकडे गर्दी होते, मधली जागा ओस पडते आणि सरासरीचा जो आकडा हाती येतो तो बहुधा कोणाचाच अनुभव नसतो.

पुण्याच्या बाबतीत तारखेकडे विशेष लक्ष द्या. लोहगावच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन 10 मार्च 2024 रोजी झाले, परंतु तेथून उड्डाणे सुरू झाली ती 14 जुलैला. म्हणजे त्या वर्षीच्या मे महिन्यात कोणी विमान पकडताना झालेल्या गर्दीविषयी लिहिले असेल, तर ती गर्दी जुन्या इमारतीतली आहे. हे अभिप्राय वेगळे न काढता सरासरी काढणे म्हणजे दोन घरांचे भाडे एकत्र करून एकाच घराचे सांगण्यासारखे आहे.

खरी सामग्री मजकुरात असते. समजा, कोणी लिहिले आहे, ‘स्वच्छता उत्तम, तपासणीला वेळ लागला नाही, पण बॅगेसाठी पाऊण तास ताटकळलो’, आणि दोनच तारे दिले आहेत. या एका वाक्याच्या तीन नोंदी करा, कारण त्या तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या आहेत : इमारतीची स्वच्छता विमानतळ प्राधिकरणाकडे, तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आणि बॅग पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीकडे. शिवाय लोहगावची हवाई वाहतूक नियंत्रण व्यवस्था हवाई दलाच्या हाती आहे. प्रवाशाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, त्यामुळे उशिरा सुटलेल्या विमानाचा रागही तो विमानतळाच्याच ताऱ्यांवर काढतो. ही फोड न करता विमानतळाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

मजकुराचा भाव ओळखणारी संगणकीय साधने जरूर वापरा, पण आपल्या भाषेपुढे ती अडखळतात. ‘जबरदस्त गर्दी’ यातला ‘जबरदस्त’ आणि ‘दोन तास रांगेत, भारीच व्यवस्था!’ यातले ‘भारीच’ यंत्राला कौतुकाचे वाटू शकते. त्यात मराठी मजकूर रोमन लिपीत असला, तर चुका आणखी वाढतात. म्हणून आधी काहीशे अभिप्राय स्वतः वाचून त्यांची हाताने वर्गवारी करा. तेच अभिप्राय एखाद्या मैत्रिणीलाही स्वतंत्रपणे लावायला सांगा. जेथे तुम्हा दोघींचेच एकमत होत नाही, तेथे यंत्राच्या निर्णयावर विसंबू नका.

सर्वेक्षणाला मात्र हा पर्याय नव्हे. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा ‘एएसक्यू’ हा सेवा दर्जा मोजण्याचा उपक्रम 2006 पासून चालू आहे. त्याच्या मूळ सर्वेक्षणात विमानात चढण्यापूर्वी प्रवाशांना गाठून एकच प्रश्नावली भरून घेतली जाते, त्यामुळे न चिडलेला प्रवासीही मोजला जातो. किती जण नाराज आहेत, हे अशा सर्वेक्षणातून कळते. नेमके कशामुळे, हे अभिप्राय सांगतात.

पण निघण्याच्या वेळी विचारलेल्या प्रश्नात सामानाचा पट्टा येत नाही, आणि अभिप्रायांचा उपयोग मला सर्वांत जास्त तेथेच दिसतो. नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाने फेब्रुवारी 2024 मध्ये सात विमान कंपन्यांना शेवटची बॅग 30 मिनिटांत पट्ट्यावर पोचवण्याविषयी बजावले होते. ज्या अभिप्रायांत थांबल्याची मिनिटे लिहिलेली आहेत, तेवढेच बाजूला काढा आणि या 30 मिनिटांशी ताडून पाहा. नोंदी थोड्या निघतील, पण प्रकल्पाची सुरुवात मी तेथूनच करीन.